नमस्कारापुरता हात

अपमान माझा झाला. तेरा वर्षांच्या, उजव्या हाताची चार बोटं गेलेल्या पोरीचा. कधी? दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी, भरदुपारी. कुठं? आमच्या दूध संस्थेच्या चारा छावणीत, वडवणीच्या अलीकडं, मांडवात, माइकपुढं. हे सगळं आधीच लिहून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, "तू बारकी होतीस, तुला कुठलं आठवायलंय." मला आठवायलंय.

संस्थेच्या चेअरमननी खोक्यातून हात काढला. प्लास्टिकचा. गोरापान, गुलाबी नखांचा, मोठ्या बाईच्या मापाचा. बोटं उघडायची नाहीत, मिटायची नाहीत. मला बोटं नव्हती, पण अंगठा होता. चांगला, जिवंत, वळणारा. तो अंगठा त्यांनी त्या पोकळ हातात कोंबला आणि मनगटावर पट्टा आवळला. यंत्रानं चार बोटं नेली होती. पाचवं त्या दिवशी संस्थेनं नेलं.

"बंधूंनो, संस्थेनं आपल्या लेकराला हात दिला!" चेअरमन माइकवर बोलले. मग माझ्याकडं वाकून, "बाळ, पाहुण्यांना नमस्कार कर."

केला. एक तळवा गरम, एक गार.

"आणखी एकदा. फोटोवाल्याला दिसलं नाही."

आणखी एकदा केला. मागून कुणीतरी ओरडलं, "आता हिला गोराच नवरा बघावा लागंल!" मांडव हसला. माझी आईही हसली, पदर तोंडात धरून. ती हसली नसती तर तिनं काय केलं असतं, हे मला अजून सांगता येत नाही.

मांडवामागं चेअरमनच्या बैलांना धुणं चालू होतं. टँकरच्या पाण्यानं. आमच्या जनावरांना पाणी मोजून मिळायचं, पण पोळा होता, पाहुणे होते, बैल चमकायला पाहिजेत. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. त्या बैलांत आणि माझ्यात फरक एवढाच, की बैलांना नमस्कार करता येत नाही.

बोटं गेली कशी, हे मांडवात कुणी विचारलं नाही. म्हणून इथं सांगते. छावणीत चाऱ्याला ऊस यायचा. तो कुट्टीच्या यंत्रात घालून बारीक करायचा. यंत्राच्या तोंडावर लोखंडी झाकण असतं, हात आत जाऊ नये म्हणून. ते तोंड उसाच्या वाढ्यानं, शेंड्याच्या पाल्यानं, सारखं तुंबायचं. "काढा ते झाकण, भरभर चालंल," असं संस्थेचा माणूस म्हणाला. काढलं. वैशाखात. वाढं अडकलं, मी ढकललं. बस. नंतर संस्थेचा निकाल आला, तोंडीच: "पोरीचंच ध्यान नव्हतं."

आमची म्हैस मैना माझ्या हातावर होती. ज्यांच्या घरी दुभतं नाही त्यांना सांगते: काही म्हशी एकाच माणसाला धार काढू देतात. दुसरं कुणी सडाला हात लावला की पान्हा चोरतात. आई बसली की मैना लाथ उचलायची. वडील बसले की शेपटी तोंडावर. एकदा मी तो प्लास्टिकचा हात घालून बसले. मैनानं हुंगला आणि बाजूला सरकली. आख्खा मांडव ज्याला टाळ्या वाजवून बसला, त्याला म्हशीनं ओळखलं.

मग हात पेटीत गेला. मी पंधराची झाले तसा पेटीतून बाहेर आला. मला बघायला पाव्हणे यायचे होते.

"पदराआड धर, नमस्कार कर आन आत ये," आई म्हणाली. "कुणाला कळत न्हाई."

तेव्हा मला उमगलं, हा हात कशासाठी दिलाय. काम करायला नाही. दिसायला. आणि दिसून, लपायला.

हात अंगठ्यापाशी उलला होता. तो नीट करून घ्यायला आई मला बीडला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. ह्या दारातून त्या दारात करत आम्हाला एका खोलीत पाठवलं. पाटी होती, व्यवसायोपचार विभाग. खोली बघूनच मला संशय आला. टेबलावर कुलूप-किल्ली, कपड्यांचे चिमटे, कंगवा, पातेलंभर ज्वारी. हा दवाखाना, का आठवडी बाजारातलं पाल? कोपऱ्यात लकवा मारलेला एक म्हातारा एका हातानं सदऱ्याची बटणं लावत होता आणि शिव्या घालत होता.

"शिव्या द्या बाबा," तिथल्या मॅडम म्हणत होत्या, "पण बटण सोडू नका."

आईनं प्लास्टिकचा हात पुढं केला. "एवढा नीट करून द्या, मॅडम. पाव्हणे यायलेत."

मॅडमनी तो बाजूला ठेवला. "हा राहू द्या. हिचा हात बघू."

मी दिला नाही. माझा हात बघायला मागणाऱ्यांनी आजवर काय केलं होतं ते मला माहीत होतं. मी विचारलं, "तुमाला चेअरमननी सांगितलंय का?"

"कोण चेअरमन?"

आमच्या भागात असं म्हणणारं माणूस एकतर खोटं बोलतं, नाहीतर नवं असतं. मॅडम नव्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी खोटंच धरलं.

"ह्या हातानं तुला काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

आईच बोलली. "लग्नात दिसू नये, एवढंच बघा."

"मावशी, मी हिला विचारलं."

मला काय करायचंय, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही, मांडवात तर नाहीच. म्हणून तो प्रश्नही मला सापळा वाटला. तरी म्हणाले, "म्हशीची धार काढायचीय." म्हटलं, आता हसंल ही.

"मी कधी काढलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "कशी काढतात, दाखव."

त्यांनी रबरी हातमोज्यात पाणी भरलं, बोटांना सुईनं भोकं पाडली आणि मोजा सलाइनच्या खांबाला टांगला. "ही तुझी म्हैस."

"मैनाचे सड असे लिबलिबीत न्हाईत."

"मग अजून घट्ट भरू. बस खाली."

आईनं कपाळावर हात मारला. "पोरगी लग्नाची, आन ही बया तिला मोजे पिळायला लावायलीय!"

पण ती मला परत घेऊन आली. काहून आली, हे मी तिला कधी विचारलं नाही. एस.टी.नं सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. जखमेची जागा इतकी हुळहुळी होती की ओढणी लागली तरी जीव जायचा. स्पर्शाची सवय व्हावी म्हणून मॅडमनी त्यावर आधी कापूस फिरवला, मग सुती कापड, मग गोणपाट, मग हात ज्वारीत खुपसला. अंगठा तळव्याच्या कडेवर दाबून धरायला शिकवलं. चामड्याचा एक पट्टा करून घेतला, त्यात चमचा बसायचा, पेन बसायचं, विळाही बसायचा. मी दर खेपेला शंका काढायची.

"ह्यात तुमचं काय हाय?"

"पगार," मॅडम म्हणाल्या.

हा जबाब मला पटला. उपकार म्हणाल्या असत्या तर मी तिथूनच उठले असते.

आणि एक दिवस त्यांनी यंत्राबद्दल विचारलं. तोंड किती उंचीवर होतं? मी उभी कशी होते? झाकण होतं का? हात गेल्यापासून हे विचारणारं ते पहिलं माणूस. मी म्हणाले, "ते विचारून आता काय करता? बोटं गेली." त्या म्हणाल्या, "हात बघायचा, तसं कामही बघायचं असतं. दुखणं नेहमी माणसातच नसतं."

मैनानं आधी बादली लाथाडली. पुन्हा लाथाडली. मग एका सकाळी डाव्या मुठीतून धार वाजली. उजवा अंगठा नुसता टेकूला. खोटं लिहिणार नाही. बोटं उगवली नाहीत. दोन हातांची धार एका हाताची झाली ती झालीच. पण बादली मी भरली होती, माझ्या काळ्या, खुंटलेल्या, उघड्या हातानं.

त्याच वर्षी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. चेअरमननी मला पुन्हा स्टेजवर बोलावलं.

"ही आपल्या संस्थेची लेक! बाळ, हात कुठंय? घालून ये की. पाहुणे आलेत."

हात मी आणला होता. पिशवीत. काढला आणि टेबलावर हारांच्या शेजारी ठेवला.

"हा तुमचा हाय. ठेवून घ्या. आन मला सांगा, यंत्राचं झाकण कुणाच्या सांगण्यानं काढलं?"

चेअरमन हसले. त्यांना हसता येतं, कुठंही. "बाळ, हा आयत्या वेळचा विषय झाला. तो शेवटी असतो."

मी खाली जाऊन बसले. शेवटपर्यंत. शेवटचा विषय आला तसे चेअरमन म्हणाले, "मंडळी, जेवण गरम हाय." माइक बंद. माणसं उठली. मी उभी राहून ओरडले, "झाकण कुणी काढलं?" ओळीतल्या एकानं मान वळवली. "लई शिकली हो," म्हणाला, आणि वाढप्यापुढं पत्रावळ केली. बुंदी होती.

उत्तर आजही आलेलं नाही. बघायला यायचे ते पाव्हणेही आले नाहीत. आईनं त्याचा शोक केला. मी केला नाही.

पुढं मी हेच शिकले, व्यवसायोपचार. ज्या पोरी-पोरांना शिकायचंय त्यांनी इथं कान द्यावा, कारण आपल्याकडं बारावीच्या वर्गात डॉक्टर, इंजिनिअर आणि पोलीस भरती ह्यापलीकडं कुणी काही सांगत नाही. बारावीला विज्ञान घ्या, जीवशास्त्र ठेवा, वैद्यकीयची प्रवेश परीक्षा द्या. चार वर्षं अभ्यास, मग सहा महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम. शरीर शिकायचं, मन शिकायचं, आणि काम शिकायचं: माणूस जेवतो कसा, नेसतो कसा, लिहितो, खुरपतो, न्हातो कसा. लोक विचारतात, म्हणजे फिजिओच ना? नाही. फिजिओ खांदा हलवायला शिकवतो. आम्ही विचारतो, खांदा हलला, आता पोलकं स्वतः घालता येतं का? ज्या पोराला पेन्सिल धरता येत नाही म्हणून शाळेत ढ ठरवलंय, ते आमच्याकडं येतं. लकवा मारलेली सासू येते. मनाच्या आजारानं वर्षभर अंथरुणातून न उठलेला माणूस येतो, आणि त्याचा उपचार कधी कधी सकाळचा चहा स्वतः करण्यापासून सुरू होतो. नोकरी दवाखान्यात आहे, विशेष मुलांच्या शाळेत आहे, पुनर्वसन केंद्रात आहे. आयती नाही, पण आहे.

प्रवेशाच्या तपासणीला बसलेला डॉक्टर माझा हात बघून म्हणाला, "तू दुसऱ्यांचे हात काय धरणार?"

मी त्याचं पेन पट्ट्यात अडकवलं आणि त्याच्याच कागदावर सही केली. "असे," म्हणाले.

पण मी ह्या विद्येचीही भक्त नाही. तिच्यावर माझी नजर असते. परवा एक कापसाच्या जिनिंगचा मालक आपल्या कामगाराला माझ्याकडं उपचाराला घेऊन आला. मनगट चेचलेलं.

"मॅडम, ह्याला लवकर उभा करा. सीझन हाय."

मी कामगाराला विचारलं, "दादा, तुम्हाला काय करायचंय?"

मालकच बोलला. "त्याला काय करायचं असणार? काम!"

"मी ह्यांना विचारलं."

तो माणूस मालकाकडं बघत राहिला. ती नजर मी ओळखते. हीच आमच्या धंद्यातली धोक्याची जागा. माणूस बरा करायचा आणि पुन्हा यंत्राच्या त्याच उघड्या दातांपुढं उभा करायचा, एवढंच आमचं काम असेल, तर आम्ही उपचार करत नाही, मालकाची अवजारं दुरुस्त करतो. म्हणून मी म्हणाले, "आधी मला मशीन बघायचंय." मालक उठून गेला. कामगाराला ओढत घेऊन गेला. मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण हातापुरतं बघावं." मी हातापुरतं बघणार नाही. मालकानं दार लावलं तर दारात बसेन. त्या माणसाच्या घरी जाईन, मालक नसताना विचारेन, आणि तो बोलेपर्यंत पुन्हा जाईन.

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका. हळहळ मला पुष्कळ मिळाली, तिनं एक बटणही लागत नाही. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. खिडकीपाशी उभं राहून विचारा: इथं व्यवसायोपचार कोण करतं? कुठल्या वारी? कुठल्या खोलीत? "असलं काही नसतं" म्हणाले, तर का नसतं ते लेखी मागा. एकटे जाऊ नका. तुमच्या घरात, गल्लीत ज्याचं जगणं अडलंय त्याला बरोबर घ्या, त्याला पुढं उभं करा आणि बोलू त्याला द्या. तुम्ही मधे बोलू नका. हाकललं तर पुन्हा जा. पुढच्या महिन्यात नाही. ह्याच आठवड्यात जा.