सात नंबरचा शिक्का

आमच्या कारखान्यात किस्से लेथखालच्या चुऱ्यासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी नवे हजर. अंबरनाथ एमआयडीसीत आम्ही विमानाच्या सीटखालचे ब्रॅकेट बनवतो. आमच्यापैकी विमानात मात्र कोणीच बसलेलं नाही. मी क्वालिटीचे कागद सांभाळते. ब्रॅकेट तपासायचे चामटोलीचे भोईरकाका. पास झालेल्या प्रत्येक ब्रॅकेटवर त्यांचा शिक्का पडायचा, गोलात सात.

*

ब्रिटन युरोपच्या संघातून बाहेर पडलं आणि आमच्या एका सर्टिफिकेटची दोन झाली. एकाचं दुसऱ्याला चालेना. कॅम्प दोनच्या सिंधी वस्तीतून येणारे आमचे शेठ वैतागले, "माल एक, मशीन एक, तो पेपर दो कायको?"

काका म्हणाले, "शेठ, भाऊ वेगळे झाले. शेत तेच, सातबारा दोन."

तीन लांबलचक मेल वाचून शेठना जे कळलं नव्हतं, ते तेवढ्यात कळलं.

*

त्याआधी ब्रिटनचे ऑडिटरसाहेब स्वतः यायचे. नियम म्हणजे नियम, चहापलीकडे काही घेत नसत. शेठचा मिठाईचा डबा दर वर्षी परत! काकांची मुलगी सुजाता तिकडेच नर्स. एकदा काकांनी तिच्यासाठी तांदळाच्या पापड्यांची पिशवी पुढे केली. साहेबांनी हात जोडले. काकांनी मार्कर घेतला आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'तुमच्यासाठी नाही.'

साहेब पिशवी घेऊन गेले. पुढे दर वर्षी नेऊ लागले.

फारकत झाल्यावर त्यांचं ऑडिट स्क्रीनवर आलं. शेवटी त्यांनी विचारलं, काही प्रश्न आहेत का? काकांनी पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली. "ही कशी पाठवू?"

साहेबांनी स्क्रीनवरूनच हात जोडले. मी कागद आवरायला घेतले.

*

पुढच्या वर्षी नवा ऑडिटर. त्याने रेकॉर्डमध्ये नेमकं पकडलं. युरोपचा लॉट दोनदा तपासलेला, ब्रिटनचा तीनदा. नियमात दोनदाच आहे, मग कारण काय?

"पोर तिकडं हाय ना माझी," काका म्हणाले. "त्या इमानात ती बसंल."

हे मी फॉर्मवर कसं लिहू? 'जादा दक्षता' असं लिहिलं. शेरा आला, मग युरोपचा लॉटही तीनदा तपासा. तेव्हापासून अख्खा कारखाना सुजाताच्या नावाने बोटं मोडतो.

*

सुजाता मात्र येतच नव्हती. दर गणपतीत फोन, "बाबा, यंदा नक्की." अशी सहा वर्षं गेली. तिची वाट बघता बघता काका रिटायर झाले. दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून नियमाप्रमाणे त्यांचा शिक्का साक्षीदारांसमोर फोडायचा होता. हातोडी त्यांनीच मागून घेतली. तीन घाव घालावे लागले. सही करताना त्यांचे डोळे भरले, आमचेही.

*

गेल्या गणपतीत सुजाता खरंच आली. मी भेटायला चामटोलीला गेले, तर ती प्रवासाचं सांगत होती. विमानात शिरल्या शिरल्या ही मोबाइलचा टॉर्च लावून सीटखाली वाकली. एअर होस्टेस धावत आली, "काही हरवलंय का?"

"बाबांना शोधतेय," ही म्हणाली.

तिने फोटो दाखवला. धूळ खाल्लेला ब्रॅकेट, त्यावर गोलात सात. काकांनी चष्मा लावला. फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला, पुन्हा मोठा केला. मग फोन तिच्या हातात दिला.

"सीट तर कवापासून तयार व्हती," काका म्हणाले. "मंग एवढी वर्सं आली का नाय?"