उखाण्यातलं इंग्रजी

माझं इंग्रजी वाईट नाही, फक्त अर्ध्या गुणाने कमी आहे. मी फिजिओथेरपिस्ट. परदेशातल्या एका हॉस्पिटलने मला नोकरी देऊ केली होती आणि इंग्रजीच्या परीक्षेत ठरावीक गुण मिळवायची अट घातली होती. पहिल्या खेपेला तोंडी परीक्षेत अर्धा गुण कमी पडला. शब्द फार साधे वापरता, असं क्लासच्या सरांनी निदान केलं. आता एकच संधी उरली होती. हॉस्पिटल त्यापुढे थांबणार नव्हतं.

घरातले सगळे मदतीला धावले, तिथेच घात झाला. विवेकने (हा नवरा, बँकेच्या बदलीपायी आम्हाला बालीगंजला आणणारा) उशीएवढं जाड शब्दांचं पुस्तक आणलं. इथेच वाढलेली आमची सई म्हणाली, "आई, रोज थोडे थोडे मुखस्थ कर." (तिचं मराठी अर्धं बंगालीत असतं.) पण सकाळी पाठ केलेला शब्द पोळ्या होईपर्यंत पसार! मी पुरती रडकुंडीला आले.

तेव्हा सासूबाई पुढे सरसावल्या. इथल्या मराठी बायकांत त्यांच्या उखाण्यांचा दरारा आहे.

"लग्नातला उखाणा आठवतो ना अजून?" त्यांनी विचारलं. "मग? यमकात बसवलं की शब्द चिकटतो."

आणि खरंच चिकटला! जिकडेतिकडे असणाऱ्या गोष्टीला 'युबिक्विटस' म्हणतात, हे माझ्या डोक्यात काही केल्या राहत नव्हतं. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता जुळवलं:

सियालदह स्टेशनात गर्दी युबिक्विटस,
विवेकरावांच्या संसारात मला भारी रस.

पाठोपाठ दुसरा:

बालीगंजच्या बाजारात मासळी ॲबंडंट,
विवेकरावांचं नाव घेते, सासूबाई टॉलरंट.

(सहनशील कोण, यावर मी वाद घातला नाही. परीक्षा तोंडावर होती.) बघता बघता निम्मं पुस्तक उखाण्यांत बसलं. बसमध्ये, स्वयंपाकघरात, दवाखान्यात माझं पुटपुटणं अखंड चालू. एका घोषबाबूंचा गुडघा वाकवतानाही चालू होतं. त्यांनी कण्हत विचारलं, हे विवेकराव म्हणजे माझं ऑपरेशन करणारे डॉक्टर का? मी हसले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

परीक्षेला समोर एक गंभीर चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी विषय दिला, गर्दीचं एखादं ठिकाण. सियालदह! मला तर लॉटरीच लागली. मी ऐटीत सुरुवात केली, इथे माणसं युबिक्विटस आहेत म्हटलं, आणि पुढचं आपोआप बाहेर आलं. विवेकरावांच्या संसारात मला भारी रस आहे, हे मी त्या बाईंना अस्खलित इंग्रजीत सांगून टाकलं.

बाईंच्या भुवया वर गेल्या. सावरायला म्हणून मी बाजारात शिरले, तर मासळीमागून पुन्हा विवेकराव, आणि त्यांच्यामागून सासूबाई! घाम फुटला. जिथे भारी शब्द, तिथे नवरा हजर. शेवटी बाईंनी हळूच विचारलं, हे विवेक कोण? साधा प्रश्न होता. मी मात्र हळदीकुंकवाला बसल्यासारखी मान खाली घालून लाजले.

निकाल लागला. पुन्हा तोच अर्धा गुण! हॉस्पिटलने शुभेच्छा देऊन दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. मी बाथरूमचा नळ सोडून मनसोक्त रडले. इतकी वर्षं उराशी बाळगलेलं परदेशातल्या नोकरीचं स्वप्न असं यमकात गेलं, याचं खरंच फार वाईट वाटलं.

रात्री आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंनी न विचारता माझ्या पानात जास्तीचं तूप वाढलं. विवेक समजुतीच्या सुरात म्हणाला, "दुसरं हॉस्पिटल शोधू गं. शब्द तर सगळे येतातच तुला. फक्त माझं नाव तेवढं गाळून म्हण."

मी डोळे मिटले आणि त्याचं नाव गाळून बघितलं. एक शब्द आठवेल तर शपथ!