आरशातला डाग

वसमतच्या बसस्टँडसमोर साजीदचा फोटो स्टुडिओ आहे. या माणसाला कुठलाही फोटो आहे तसा म्हणून ठेववत नाही. कुरुंद्याच्या नवरा-नवरीला तो हळदीच्या रानातून उचलून थेट बर्फाच्या डोंगरावर नेतो, बारशाच्या लेकराला चंद्रावर झोपवतो, आणि लोकही हौसेनं फ्रेम करून नेतात. एकदा त्याच्या बायकोला, रहमतबीला, स्वतःचाच फोटो ओळखू आला नाही. "ही गोरी कोन आनली?" म्हणून ती चांगलीच फुगून बसली होती.

त्याचा सगळा जीव मात्र कंप्युटरवरच्या 'मास्क' नावाच्या करामतीत. "पुसायचं न्हाई, झाकायचं," असं तो येईल त्याला शिकवतो. मूळ फोटो खाली तसाच राहतो, वर नवा थर चढतो. मास्कवर काळा ब्रश फिरवला की वरचं झाकलं जातं आणि खालचं उघडं पडतं. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि चहा संपवून निघून जातं.

एकदा तांड्यावरची जमनाबाई आपल्या तरुणपणाचा एकुलता एक फोटो घेऊन आली. आरसे जडवलेली बंजारा चोळी, म्हणजे कांचळी, अंगभर दागिने आणि ओठांत दाबलेलं हसू. नातीच्या लग्नाआधी तिला तो मोठा करून भिंतीवर लावायचा होता.

"मावशी, मालकाचा फोटो द्या. बाजूला बसवतो."

मालकाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, हिरासिंगचा, फोटोच नव्हता. आधार कार्डं निघायच्या आधीच तो गेला होता.

"जे हाय ते ह्याच्यातच हाय," जमनाबाई म्हणाली. "बराबर कर."

साजीदला गलबलून आलं. त्यानं चुण्या भरल्या, उडालेले रंग परत आणले, एकेका आरशात चांदणी चमकवली. छातीवरच्या मोठ्या आरशात एक काळपट डाग होता, तिथंही चांदणी बसवली.

जमनाबाईनं प्रिंट दारातल्या उजेडात धरली. तिचं बोट त्या आरशावर फिरत राहिलं. तोंड पार उतरलं.

"काहून पुसलं रे त्यायला?"

"कोनाला, मावशी?"

"फोटू मालकायनंच काढला व्हता. जत्रंतल्या फोटूवाल्याचा क्यामेरा मागून घेतला. ह्या आरशात दिसत व्हते. रोज पाहत व्हते मी."

आपण केवढं पाप करून बसलो, असं साजीदला वाटलं.

"पुसलं न्हाई मावशी, झाकलंय. बसा तुमी."

त्यानं कंप्युटरवर फोटो उघडला आणि काळा ब्रश हळूहळू फिरवला. चांदणी गेली. खालून तो डाग वर आला. आता साजीदलाही माणूस दिसला. लाल पागोटं, बाहेर काढलेली कोपरं, तोंडासमोर धरलेला कॅमेरा.

"मावशी, क्यामेऱ्यामागचं तोंड बी बनवून देईल हा कंप्युटर. सांगा फक्त, कसं व्हतं."

"नको रे लेका. तोंड मला ठाऊक हाय." ती पडद्याजवळ सरकली. "'हासू नको, फोटू हालंल,' म्हनून राहिले व्हते तवा."

एवढं सांगून ती फोटोतल्यासारखंच हसू दाबायला लागली. या खेपेला तिला ते जमलं नाही.