पिक्चरमध्ये नसलेला सीन

लोणावळ्याच्या पॉइंटवर कणसं भाजणाऱ्या मावशी बोलताना कुणाकडे बघत नाहीत, नजर निखाऱ्यांवरच असते. वीसेक वर्षांपूर्वी तिथं कॉलेजच्या पोरापोरींचा एक हलकाफुलका प्रेमाचा पिक्चर शूट झाला होता. ती जागा बघायला अजून जोडपी येतात. परवा मी तिथं कणीस खात उभा असताना आलेली दोघं मात्र वाटेतच भांडून गप्प झाली होती. मावशींनी एकच कणीस भाजून मुलापुढं धरलं.

"हिरॉइनबी हितंच रुसलती. हिरोनं निम्मं कणीस मोडून दिलं, तवा हसली."

मुलानं कणीस मोडलं. मुलगी हसली.

तो पिक्चर मला पाठ आहे. दोघं गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, असा सीन त्यात नाहीच."

त्यांनी निखाऱ्यांना वारा घातला.

"मग घालायचा ऱ्हायला आसंल."