खालून उचललेलं गाणं

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि पेनाच्या टोकाने दाखवलं, ही गाठ, आणि ही तिला खेटून गेलेली आवाजाची नस. गाठ साधी दिसते, पण काढावी लागेल, म्हणाले. आवाज आधीसारखाच राहील याची हमी मात्र देता येत नाही. आदिलाबादहून जैनथकडे येणाऱ्या बसमध्ये मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. खोटं कशाला सांगू, डोळे मिटले की प्रभू आठवायचा नाही, ती पेनाची रेघच दिसायची.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईबाबा दुसऱ्यांच्या शेतात राबले, मी बी.ए., बी.एड. करून शाळेत शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आवाजावर माझी नोकरी. पण त्याहून मोठी भीती रविवारची होती. आमच्या गावच्या चर्चमध्ये पेटी नाही, सुरांची पुस्तकं नाहीत, गीतं सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ. एकजण उभं राहून पहिली ओळ ‘उचलतो’, आणि तो ज्या पट्टीत उचलेल त्या पट्टीत सगळी मंडळी मागून येते. त्याची ओळ पुरी होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, हा शिरस्ता. आधी माझी आई उचलायची. ती गेल्यापासून अकरा वर्षं मी. माझा आवाज चढा आणि स्वच्छ होता. मी ओळ उंच उचलायची, आणि ती छपराच्या पत्र्याला लागून परत आलेली ऐकायला मला फार आवडायचं. बाबा एकदा जेवताना म्हणाले होते, “तू गाणं आभाळात नेऊन ठेवते, पोरी. आमी शिडी कुठून आणाची?” मी नुसती हसले. बाबांनी गाणं सोडलं ते वयामुळे, असं मी धरून चालले होते.

ऑपरेशनची तारीख ठरली. मग मी रोज सकाळी न्हाणीचं दार लावून एकच ओळ म्हणून बघायला लागले. आज खरखर वाढली का? कालच्यापेक्षा श्वास कमी पुरतो का? शाळेत हजेरी घेताना मी स्वतःचाच आवाज ऐकत राहायची, मुलांचं उत्तर कानावर यायचंच नाही. पाण्याचा घोट गिळतानाही हात गळ्याकडे जायचा. मार्था आत्या, बाबांची बहीण, शेजारीच राहते. ती म्हणाली, “एवढी शिकली अन् एका गाठीले भेते काऊन? भ्याचं तर आमी अडाण्यांनी.”

मी चिडून म्हणाले, “शिकली म्हणूनच भेते, आत्या. आत काय काय आहे ते मला कळते.”

आत्या भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. “मंग त्यातलं थोडं देवाजवळ ठेव न. सगळं तुयाच डोक्यात काऊन भरून ठेवून राह्यली?”

मला राग आला. असं ठेवता येत असतं तर ठेवलं नसतं का?

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी दाराजवळ, सतरंजीच्या टोकाला, एक अनोळखी म्हातारी तेलुगू बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. बस चुकली म्हणून आत येऊन टेकली, असं कोणीतरी सांगितलं. मी उभी राहिले. आईने शिकवलेलं गीत होतं. अर्धी ओळ नेहमीसारखी वर गेली, आणि तेवढ्यात मनात आलं, ही शेवटची असेल तर? तिथेच गळा मिटला. पुढचा शब्द येईना. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती आणि शिरस्त्याप्रमाणे कोणीच काही उचलत नव्हतं. फक्त पंख्याची कुरकुर. वाटलं, हे असंच असणार आहे आता. मी अशी उभी, आणि आवाज नाही.

तेव्हा दाराकडून त्या म्हातारीचा जाड, खालचा आवाज आला. शब्द तेलुगू, चाल आमचीच. तिच्याही चर्चमध्ये ही चाल गात असतील. आमचा शिरस्ता तिला ठाऊक नव्हता, म्हणून तिने तो मोडला. माझी अर्धी राहिलेली ओळ तिने पुरी केली, पण इतक्या खाली, की तिथून मी कधी गायलेच नव्हते. आणि मंडळी मागून आली. पुरुषांच्या बाजूने एक भारी, जरासा हलणारा आवाज ऐकू आला आणि मी वळून पाहिलं. बाबा होते. डोळे मिटून गात होते. त्यांच्याजवळचे, इतकी वर्षं हाताची घडी घालून बसणारेही गात होते. मी त्या सगळ्यांत मिसळून गायले. भीती गेली असं म्हणणार नाही. पण त्या घटकेला मी एकटी भीत नव्हते.

उपासना संपल्यावर त्या बाईने माझ्या गालाला तळवा लावला. “भयम वद्दु, बिड्डा,” म्हणाली. भिऊ नको, लेकरा, एवढं तेलुगू मला येतं. बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि ती पिशवी उचलून गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

ऑपरेशनच्या टेबलावर मला एकही वचन आठवलं नाही. तो खालचा आवाज तेवढा आठवला, आणि मी त्यालाच धरून राहिले. नंतर कित्येक दिवस नुसती कुजबुज. पाटीवर लिहून पाणी मागायची, आणि रोज सकाळी तोच धसका. मग हळूहळू आवाज आला. शाळा सुरू झाली. पण वरची पट्टी आली नाही ती नाहीच.

मग एका रविवारी पुन्हा ओळ उचलायला उभी राहिले. जो उरला होता त्याच आवाजात, खालून, उचलली. ओळ पुरी झाली आणि बाबा पहिल्या शब्दाला आत आले. घरी आल्यावर मी विचारलं, “बाबा, अकरा वर्षं काऊन गायले नाही?”

“गातच होतो न,” ते चप्पल काढता काढता म्हणाले. “तोंडातल्या तोंडात. तू लय वर राह्यची.”

कुजबुजीच्या त्या दिवसांत माझी प्रार्थना परत सुरू झाली, तेव्हा मी प्रभूकडे माझा आवाज जसाच्या तसा मागितला होता. तो त्याने दिला नाही, आणि तरी मी रोज त्याचे आभार मानते. त्या बाईचेही मानते, ती कुठे असेल तिथे. कधी कधी भीती अजून येते, तपासणीच्या दिवशी तर येतेच. पण आता रविवारी उभी राहिले की मी आधी थोडी थांबते, बाबा कुठे बसलेत ते बघते, आणि तिथून उचलते.