सेलांना घातलेली आंघोळ

सिलिकॉन हा लई खादाड प्राणी. बॅटरी चार्ज होताना तो एवढं लिथियम खातो की टम्म फुगतो, आणि ते बाहेर काढलं की पुन्हा आक्रसतो. त्याच्या अंगावर आतल्या द्रवापासून एक पातळ थर आपोआप चढतो. अंग फुगलं की तो थर तडकतो, खालचं सिलिकॉन उघडं पडतं, त्यावर पुन्हा नवा थर. आणि दर वेळी थोडं लिथियम त्या थरातच अडकून बसतं. बॅटरी म्हातारी होते ती अशी. म्हणून सोलापूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सिलिकॉनला आधीच एक आवरण घालून बघत होतो.

कसलं आवरण, यावरून माझं आणि माझ्या गाइड सरांचं वाजलेलं. सर अक्कलकोटकडचे, चिडले की कानडीत जायचे. त्यांचं म्हणणं, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा जाड, कडक थर द्यायचा. "घट्ट बांधून टाक की, मग फुगतंय कसं बघू!" मला पातळ, ताणलं जाणारं पॉलिमर हवं होतं. मी म्हटलं, "सर, पंगतीला बसणाऱ्यानं नाडी जरा ढिली ठेवावी." ते त्यांना झोंबलं. "दोन्ही बनव," ते म्हणाले. "जे टिकंल तोच तुझा पीएचडीचा विषय. तुझं पडलं तर मुकाट्यानं माझं करायचं." माझं आजवरचं सगळं काम त्या पॉलिमरमध्ये होतं. पण मी तोंड उघडून बसले होते, आता माघार कसली घेणार?

दोन्ही आवरणांचे निम्मे-निम्मे, नाण्याएवढे सेल बांधले, कुठला कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकावर मार्करनं खूण केली आणि आत द्रव मुरावा म्हणून ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं यंत्रांची पूजा सर स्वतः करतात, त्यात कुणाची लुडबुड चालत नाही. मी पोचले तर ताटात केळीच्या पानावर माझे सेल चकाचक मांडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर हळद-कुंकू आणि झेंडूची पाकळी.

"सर, खुणा कुठं गेल्या?"

"कसल्या खुणा? मळके दिसत होते. देवापुढं मळकं ठेवत्यात व्हय? स्पिरिटनं आंघोळ घातली."

मी कपाळावर हात मारला. कडक कुठला आणि मऊ कुठला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. नवे बांधावेत तर द्रव संपलेला. सर कानडीत काहीतरी पुटपुटले, बहुधा स्वतःलाच. शेवटी ठरलं, तसेच चालवायचे आणि नंतर फोडून बघायचं. ज्यात अ‍ॅल्युमिनियम सापडेल ते सरांचे.

सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करायची चाचणी लागली. अर्ध्या सेलांनी भराभर माना टाकल्या, बाकीचे ठणठणीत. सरांनी ते ठणठणीत सेल परस्पर स्वतःच्या नावावर करून टाकले. "बघितलं? घट्ट बांधल्याचा गुण!" येणाऱ्या-जाणाऱ्याला आलेख दाखवायचे. विभागात पेढेसुद्धा वाटले. मी बेरकीपणे दोन उचलले आणि वर "अभिनंदन, सर" म्हणाले. आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. ते खरंच सरांचे निघाले असते तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

आधी ठणठणीत सेल फोडला आणि त्यातली सिलिकॉनची चकती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातली. सिलिकॉन दिसलं, कार्बन दिसला. अ‍ॅल्युमिनियमचा पत्ता नाही.

"जागा बदल," सर म्हणाले. मी बदलली. "अजून बदल." पुन्हा बदलली. नाहीच. मग मेलेला सेल घेतला. त्यात अ‍ॅल्युमिनियमच अ‍ॅल्युमिनियम, आणि त्या जाड थराचे कडक भाकरी मोडल्यासारखे तुकडे झालेले.

माझ्या जिभेवर टोमणा तयार होता, चांगला घोटून ठेवलेला. तेवढ्यात सर पडद्यावरनं माझ्याकडं वळले.

"आजपासनं सिलिकॉनचं मला काही विचारत जाऊ नको," ते म्हणाले. "सांगत जा."

टोमणा गिळला, आणि मला चक्क रडू फुटलं.