अर्जावर मी सही केली न्हाई

दोस्तहो, जेवायला घरी आलो, पण ताट बाजूला सारलं. आधी हे ऐका.

मस्तगडात माझं सळईचं दुकान आहे. सकाळी मेहुणा आला. त्यानं कोकणात ऐन किनाऱ्यावर हॉटेल बांधलंय. हातात अर्ज होता. जहाजांच्या तेलानं किनाऱ्याची हानी होते, कारवाई करा म्हणून.

"दाजी, वाटोळं करून राह्यले हे जहाजवाले! पाव्हण्यांच्या पायाला डांबराचे गोळे चिकटून राह्यले. करा सही."

मी म्हणालो, "मी जागा पाहायला आल्तो तवा तिथं वाळूची टेकडी होती, केवड्याचं बन होतं. कुठं गेलं?"

"सपाट केलं. मंग खोलीतून समुद्र दिसंल कसा?"

लाज न्हाई, काही न्हाई! अर्ज त्याच्या अंगावर फेकला. "जहाजवाले बदमाश आहेत, बिलकुल आहेत. पण पायाचं डांबर रॉकेलनं तरी निघतं. तुझं हॉटेल कशानं काढायचं?"

त्यानं कागद उचलला, घडी घातली. "दाजी, त्या हॉटेलातली सळई तुमच्याच दुकानची आहे. दुसऱ्या मजल्याची जल्दी पाठवा."

त्याच सळईचा ट्रक भरून दुकानासमोर उभा आहे. आता तुम्हीच सांगा, मी अर्ज कुणाविरुद्ध लिहू?